बाहेरून कडी घालून

माझ्या थोरल्या जावेनं मला फसवलं. पैशात नाही. पैशात मला फसवणारं माणूस मलकपेठेपासून नामपल्लीपर्यंत कुणी नव्हतं, आजही नाही. तिनं मला लेकरात फसवलं. आधी स्वतःच्या तोंडानं सांगितलं की पोरं घरी एकटी ठेवून खुशाल जा, काही होत नाही. आणि मी ठेवून गेले तेव्हा सासऱ्यांना घेऊन माझ्या दाराशी येऊन उभी राहिली. माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. तो तिच्याकडे गेला आणि तिचाच झाला.

आम्ही मलकपेठेत एका देवडीत राहत होतो. देवडी म्हणजे कुणा जहागीरदाराचं मोठं घर. जहागिरी गेल्यावर त्यांनी अंगणाभोवतीच्या घोड्यांच्या पागा लिंपून-सारवून खोल्या केल्या आणि भाड्यानं दिल्या. त्यामुळे आमची दारं हातभर जाड आणि कड्या सगळ्या बाहेरून. घोड्याला आतून कडी कशाला लागते? आतली खिट्टी ज्यानं त्यानं आपल्या खर्चानं बसवून घेतलेली. खिडकी म्हणून एक गजांचा झरोका, तोही माणसाच्या डोक्यावर. अंगणाच्या मधोमध विहीर होती आणि तिचा कठडा माझ्या गुडघ्याएवढा. हा कठडा लक्षात ठेवा, कारण पुढं कुणीच ठेवला नाही.

माझे मालक सरकारी कचेरीत कारकून. माहेर-सासर दोन्ही परभणीकडचं, शेतकऱ्यांचं. हैदराबादेत आलो तेव्हा आमच्या अंगणात एक रीत होती. कुणी बाई पोरं मागं ठेवून बाहेर निघाली की उंबऱ्यावर थांबून म्हणायची, "कान ठेवा हो." समोरच्या कानडी बाई आतूनच म्हणायच्या, "आयतु," म्हणजे झालं. शेजारच्या मास्तरीणबाई म्हणायच्या, "ठेवला." आणि कमानीखाली पानदान घेऊन बसलेली देवडीतली म्हातारी खाला म्हणायची, "जाओ बेटा, मैं बैठी हूं ना." एवढं झालं की निघायचं. पोरं कुणाच्याही खोलीत जेवायची, कुणाचाही मार खायची. मूल किती वर्षांचं झालं की एकटं ठेवावं, हा प्रश्न कुणाला पडतच नव्हता, कारण मूल एकटं असायचंच नाही.

मग मुलखाचे तुकडे पडले. मराठी जिल्हे मुंबईकडं, कानडी जिल्हे म्हैसुराकडं, आणि हैदराबाद आंध्राला. कचेऱ्यांतले लोक रोज एकमेकांना विचारायचे, तुमचं कुठं लागलं? कानडी बाईंचं बंगळुराला लागलं. त्यांचं सागवानी कपाट गाडीत जाईना. त्या रडकुंडीला आल्या. मी ते कपाट घेतलं आणि आठवड्याच्या आत एका तेलुगू डॉक्टराला विकलं. असा माझा धंदा सुरू झाला. जाणारा घाईत असतो, येणारा नवाच असतो. दोघांच्या मधे शांतपणे उभं राहणारं माणूस कमावतं. जी वस्तू हवी तिच्याकडं बघायचंच नाही, हे मला कुणी शिकवलं नाही. पलंग हवा असला की मी घरच्या मोऱ्या-न्हाणी बघत हिंडायची आणि जाता जाता म्हणायची, "या पलंगाचं काय करणार आहात तुम्ही?"

पण ज्यांच्या जाण्यावर मी कमवत होते तेच माझ्या लेकरांचे कान होते, हे ध्यानात यायला वेळ लागला. कानडी बाई गेल्या. मास्तरांची बदली नांदेडला झाली, मास्तरीणबाई गेल्या. एका सकाळी सवयीनं मी "कान ठेवा हो" म्हणाले आणि बघते तर समोर कुलूप. राहिली ती खाला, आणि तिला जवळ जाऊन ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं.

त्यातच मालकांची कचेरी मुंबईला गेली. ते पुढं गेले, कुणाच्या तरी खोलीत चौघांत पाचवे म्हणून पथारी टाकून राहिले. खोली मिळाली की आम्हाला नेणार होते. मी इथं, मुलगी सातव्या वर्षात, मुलगा तीनचा.

थोरले दीर आणि जाऊ नल्लकुंट्याला राहायचे. त्यांना औरंगाबादेला जायचा हुकूम आला होता आणि तिथं सरकारी घरही मिळणार होतं. जाऊ, तिला मी आक्का म्हणायची, आठवड्यातून एकदोनदा यायची. तिला मूल नव्हतं. आल्या आल्या मुलाला मांडीवर घ्यायची, त्याला केळं सोलून द्यायची, त्याच्या केसांचा वास घ्यायची. मला ते दिसत होतं. मी आंधळी नव्हते.

त्या दिवशी दोघं आली होती. मोठे भावजी दाराशी बाजेवर बसून बशीत चहा ओतून पीत होते. मी आक्काला म्हणाले, "परवा नामपल्लीला एका वकिलाच्या घरी जायचंय. बिऱ्हाड मोडतायत, भरलेलं घर आहे. पण या दोघांना कुठं ठेवू? धाकट्याला उन्हात घेऊन हिंडवत नाही आणि अंगणात सोडवत नाही."

आक्का हसली. "अगं, आपल्याला काय राखणीला माणसं होती? आई रानात, आपण बाजेखाली. पोरगी सात वर्षांची घोडी झाली की. मी तिच्याएवढी असताना दोन भावांना सांभाळून भाकरी थापत होते. बाहेरून कडी घाल आणि जा. म्हणजे विहिरीचं भ्या नाही."

"आणि काही झालं तर?"

"काय होतंय? मी येते ना दुपारी. बघून जाईन."

मोठ्या भावजींनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "हूं." त्यांचं "हूं" म्हणजे होकार. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी त्यावर विसंबले. आपल्याकडं थोरल्या जावेनं सांगितलं, थोरल्या दिरानं हुंकार भरला, की ते ठरलं. त्यावर आणखी कुणाची सही घ्यायची नसते.

नामपल्लीला जायच्या दिवशी चूल पाणी घालून विझवली. काड्यापेटी कनवटीला लावून सोबत घेतली. विळी वर फळीवर ठेवली. भाकरी, गूळ, पाण्याची कळशी. मुलीला सांगितलं, "आतून खिट्टी लाव. मी बाहेरून कडी घालते. कुणी कडी काढली तरी तू खिट्टी काढायची नाही. माझा आवाज ऐकल्याशिवाय नाही."

"आक्का आली तर?"

तेव्हा मी क्षणभर थांबले होते. का थांबले, सांगता येत नाही. म्हणाले, "कुणीही."

वकिलांचं घर चांगलं होतं, बाईही चांगल्या होत्या, आणि मी भाव उगाच ताणून धरला नाही. दुपारी परत आले तर कमानीखाली खाला उभी. ती कधी उभी राहत नसे.

"बेटा, जल्दी जाओ. तुम्हारे ससुर आए हैं. घंटे से बैठे हैं."

अंगणात खालाच्या वेताच्या मोढ्यावर सासरे बसले होते. पायांत गावाकडच्या वहाणा, मांडीवर शेंगांची पिशवी, डोक्याचा पटका सुटून खांद्यावर. आक्का माझ्या दाराला तोंड लावून उभी होती. कडी तिनं काढली होती, पण दार काही उघडत नव्हतं.

"अगं, उघड की. आजा आलाय तुझा गावाहून."

आतून मुलीचा आवाज, "आई आल्यावर."

सासऱ्यांनी बसल्या जागेवरून हाक दिली, "अगं मी आहे, मी! तुझ्या बापाचा बाप!"

"असू द्या. आई आल्यावर."

आणि मग धाकट्याचा आवाज, "आजा, शेंगा आणल्या का?"

"आणल्या रे राजा."

आत दोघांची काहीतरी कुजबूज झाली. मग मुलगी म्हणाली, "त्या झरोक्यातून टाका."

मला हसू फुटलं. सौदा कसा करायचा हे तिला शिकवावं लागलं नव्हतं. मी पुढं होऊन हाक दिली. लगेच खिट्टी निघाली. आत खोली झाडलेली. मुलगा जमिनीवर बसून कळशीवर लाकडाचा चमचा वाजवत होता. दोघांनी भाकरी खाल्लेली, गूळ जास्त खाल्लेला. अंगावर ओरखडा नाही. मी मागं वळून सासऱ्यांना म्हणणार होते, बघा मामंजी, कशी पोरगी आहे तुमची.

ते हसत नव्हते. त्यांचं नाक लाल झालं होतं. "लेकाच्या दाराशी मी भिकाऱ्यावानी बसलो. आणि तुझं पोरगं कोंडलेलं आत."

तेव्हा आक्का म्हणाली, अगदी हळू, जशी माझीच बाजू सावरून घेतेय असं, "मी किती वेळा सांगितलं मामंजी, लेकरं कोंडून जाऊ नको म्हणून. ही ऐकत नाही. धंद्याचं वेड लागलंय."

मी तिच्याकडं बघितलं. "आक्का?"

ती शेंगांच्या पिशवीकडं बघत होती.

खाला मात्र मोठ्यानं बोलली, बहिऱ्या माणसासारखं: "दादा, गुस्सा नक्को करो. बच्ची हुशार है. मां के सिवा किसीकू नै खोलती. मेरी बहू से अच्छी है." सासऱ्यांना हिंदुस्थानी बोली समजायची, पण त्या दिवशी त्यांनी समजून घेतली नाही.

संध्याकाळी नल्लकुंट्याहून भावजी आले. बैठक बसली आणि सासऱ्यांनी निकाल दिला. मुलगा थोरल्याबरोबर औरंगाबादेला जाईल. मालकांना मुंबईत खोली मिळेपर्यंत. तात्पुरतं.

"आणि मुलगी?" मी दाराआडून विचारलं.

"ती मोठी आहे. राहील तुझ्याजवळ."

म्हणजे मुलीला घरी एकटं ठेवलेलं चालत होतं. तिच्या भरवशावर भावाला ठेवलेलं चालत नव्हतं. मी हे बोलले. सासरे पटका बांधत उठले.

दुसऱ्या दिवशी वकिलांचं सामान उचलायला गेले. हमाल कपाट उतरवत होते आणि वकील रिकाम्या खोलीत खुर्चीविना उभे होते, कारण खुर्ची मी घेतली होती. मी म्हणाले, "वकीलसाहेब, एक विचारू? लेकरांना घरी ठेवून बाहेर जायला कायद्यानं किती वय लागतं?"

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग माझं तोंड बघून ते गंभीर झाले. म्हणाले, "आकडा कुठंच लिहिलेला नाही, बाई. फौजदारी कायद्यात एक कलम आहे. बारा वर्षांच्या आतलं मूल आईबापानं कायमचं टाकून द्यायच्या हेतूनं कुठं सोडलं तर तो गुन्हा. तुम्ही कायमचं सोडलं होतं का?"

"दुपारी परत आले. भाकरी ठेवून गेले होते."

"मग गुन्हा नाही. कायदा एवढंच विचारतो, परत यायचं होतं का?" त्यांनी एका हमालाला वाट करून दिली. "आणि आता हिंदूंसाठी नवा कायदा झालाय. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईपाशीच असावं, असं त्यात आहे. पालक मात्र बाप. मुलाचे वडील काय म्हणतात?"

मालकांची तार सकाळीच आली होती, वडील म्हणतील तसं.

वकील म्हणाले, "कोर्टात तुम्ही जिंकाल. पण घरातल्या बैठकीत कलमं चालत नाहीत. तिथं साक्षीदार लागतो."

साक्षीदार माझ्याकडं होता. तो त्या दिवशी बशीतून चहा पीत समोर बसलेला होता. अडचण इथंच होती, आणि ती आमच्यासारख्या घरांतल्या माणसालाच कळेल.

धाकटी सून थोरल्या दिराशी बोलत नाही. कपाळाखाली पदर, आणि दीर घरात असला की आवाज खाली. लग्नाला नऊ वर्षं होत आली तरी मी मोठ्या भावजींशी एक शब्द सरळ बोलले नव्हते. बोलायचं तर लेकराच्या तोंडून. ते चार हातांवर बसलेले असायचे आणि मी मुलीला म्हणायची, "काकांना म्हणावं पाणी ठेवलंय अंघोळीला." ते मुलीला म्हणायचे, "म्हणावं, येतो." मुलगी आमच्यामधे बसून आपल्या बाहुलीशी खेळत असायची, तोंड उघडायची नाही, आणि तरी निरोप पोचायचा. सगळ्या घरांत असंच चालायचं. कुणाला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. भर बाजारात पठाणाशी भांडणारी बाई मी, पण घरात माझा आवाज एका पोरीच्या तोंडातून जायचा.

ते औरंगाबादेला निघायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा बैठक. मी चहा ठेवला आणि चौकटीआड उभी राहून वकिलांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. परत यायच्या हेतूनं ठेवलं तर गुन्हा होत नाही. पाच वर्षांखालचं पोर आईपाशी.

सासरे म्हणाले, "आता वकील घरात आणलास?"

"मी कुणाला आणलं नाही मामंजी. मी एवढंच म्हणते, मला आक्कांनीच सांगितलं होतं. कडी घालून जा म्हणाल्या."

"मी?" आक्का म्हणाली. "देवाशपथ मामंजी, मी असं कशाला सांगेन? माझ्या तोंडून निघेल तरी का?"

मी मुलीला शोधलं. ती तिथं नव्हती. मोठ्यांचं बोलणं चाललंय म्हणून सासऱ्यांनीच तिला धाकट्याला घेऊन खालाकडं पाठवलं होतं. खोलीत एकही लेकरू नव्हतं. मधे कुणी नव्हतं. भावजी भिंतीकडं बघत बसले होते आणि त्यांच्या कानाची पाळी हलत होती, दात आवळले की हलते तशी.

माझं डोकं फिरलं. मी चौकट ओलांडून पुढं आले आणि त्यांच्याकडं बघून म्हणाले, "भावजी, तुम्ही इथंच बसला होता. या बाजेवर. आक्का काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलंय. सांगा मामंजींना."

भावजींनी माझ्याकडं एकदा बघितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. त्या नजरेत काय होतं हे मी पुढं कितीतरी वेळा आठवून पाहिलं. राग नव्हता, एवढं खरं. मग त्यांनी टोपी घातली, बापाला म्हणाले, "मी बाहेर थांबतो," आणि निघून गेले.

झालं. त्यानंतर कडीची गोष्ट राहिलीच नाही, मुलाची राहिली नाही. "या घरात थोरल्याच्या तोंडाला तोंड कुणी दिलं नव्हतं," सासरे म्हणाले. आक्का पदर डोळ्याला लावून बसली. जी बाई थोरल्या दिराला भर बैठकीत जाब विचारते ती पोरांना काय वळण लावणार, असं ठरलं. मी काय विचारलं ते कुणी बघितलंच नाही, मी कुणाला विचारलं एवढंच बघितलं. मी आयुष्यात एवढा वाईट सौदा कधी पाहिला नाही: माल खरा, माप खरं, आणि दुकानात पाऊल कुठलं आधी टाकलं यावर भाव पडला.

सगळे गेल्यावर खाला आली. झालेलं मी तिच्या कानाशी ओरडून सांगितलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "सवाल अच्छा था बेटा. बच्ची कू बुला लेते, उसके मुंह से पूछते. जवाब तो देना पड़ता उनकू."

मी त्या रीतीची चूक मानते, माझी नाही. माझ्या मुलाचा निवाडा व्हायचा आणि मी त्यासाठी बाहुली घेऊन बसलेली पोरगी मधे बसवायची होती, हे मला आजही पटत नाही.

काचीगुड्याच्या स्टेशनवर मुलगा भावजींच्या मांडीवर खिडकीपाशी बसला होता. त्याला आगगाडीचं कौतुक. तो रडला नाही. रडला असता तर मी त्याला उतरवून घेतलं असतं, सासरे असोत की कुणी असोत. त्यानं मला शेंग दिली, खिडकीतून, आणि म्हणाला, "आई, तू पण ये." मी म्हणाले, "येते." आक्का त्याच्या पाठीवर हात ठेवून दुसरीकडं बघत होती. मुलगी माझं बोट धरून उभी होती. गाडी सुटल्यावर तिनं विचारलं, "मी दार उघडलं असतं तर त्याला नेलं नसतं का?"

मी तिला त्या दिवशी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. ती आता स्वतः आजी झाली, पण हा प्रश्न तिनं टाकून दिला नाही.

तात्पुरतं म्हणजे किती, हे आधी ठरवलं नाही तर तो सौदाच नव्हे. मालकांना खोली मिळेना, आणि पोराला आत्ताच तर करमायला लागलंय, असा निरोप आला. मग ऊन फार आहे. मग शाळेत नाव घातलंय. दुसऱ्या वर्षी मी औरंगाबादेला गेले त्याला आणायला. सरकारी घर, पुढं बाग, लख्ख कपडे घातलेला मुलगा. मला बघून तो आक्काच्या मागं गेला, मग शिकवलं होतं तसं पाया पडला आणि विचारलं, "काकू, तुम्ही किती दिवस आहात?" आक्कानं त्याला दटावलं नाही. मी दोन दिवस राहिले. भावजी मला दिसले तेव्हा घरातून बाहेर जात होते, किंवा बाहेरून आत येत होते. परत येताना मी एकटीच आले.

मालक मुंबईला कंटाळले, नोकरी सोडून परत आले आणि माझ्या दुकानाच्या गल्ल्यावर बसले. दुकान नामपल्लीत, जुन्या सामानाचं. दोनाचे चार पैसे झाले. मुलीला शिकवलं, तिचं लग्न केलं. लोक म्हणतात बाईनं शून्यातून उभं केलं. खरं आहे. मुलगा येत राहिला, लग्नाकार्याला, सणाला. चांगला शिकला, चांगल्या नोकरीला लागला. वागायला नम्र आहे. मला काकूच म्हणतो. त्याचं माझ्याशी भांडण नाही, आणि भांडण नसणं किती लांबचं असतं हे मला तेव्हा कळलं.

मी एवढ्यावर गप्प बसले असते. आक्काला मूल नव्हतं, तिनं त्याला जीव लावला, त्याला काही कमी पडू दिलं नाही, हे मी नाकारत नाही. तिनं सरळ मागितलं असतं तर मी दिलं नसतं. पण मागणारी आणि न देणारी दोघी सरळ राहिल्या असत्या.

गेल्या वर्षी आक्का वारली. तेराव्याला मी औरंगाबादेला गेले. जेवणं झाल्यावर बायका आत बसल्या होत्या, मुलगा आणि त्याची बायको दारात बोलत होते. सुनेला नोकरी लागत होती. त्यांची मुलगी आठ वर्षांची, शाळेतून आल्यावर दोन तास घरी एकटी राहील, शेजारी आहेत, असं सून म्हणत होती. माझा मुलगा म्हणाला, "नको. लेकरू एकटं सोडलं म्हणजे काय असतं ते मला विचार. मला बंद खोलीत टाकून सख्खी आई कमवायला गेली होती. आजोबांनी दार फोडून बाहेर काढलं, तेव्हा मी अर्धमेला होतो."

तो मला टोचायला बोलला नाही. मी दाराआड बसले आहे हे त्याला ठाऊकही नव्हतं. त्याला तसंच सांगितलं गेलं होतं, आणि ते तो चाळीस-बेचाळीस वर्षं उराशी घेऊन वाढला होता. आई आपल्याला टाकून गेली, असं. वकिलानं जो गुन्हा माझा नाही म्हणून सांगितला, तोच माझ्या नावावर मांडून ठेवलेला.

भावजी तिथंच ओसरीवर आरामखुर्चीत होते. ऐंशी उलटलेत, पण ऐकू चांगलं येतं. त्यांनी ते ऐकलं. मी त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी डोळे मिटले.

माझ्या मुलीकडच्या नातवंडांना मराठी धड वाचता येत नाही. ती तेलुगू बोलतात, हिंदी बोलतात, इंग्रजीत भांडतात. हे लिहिलेलं ती वाचणार नाहीत. पण भावजी, तुम्ही मराठी छापलेला कागद दिसला की चष्मा शोधता, हे मला माहीत आहे. म्हणून हे तुमच्यासाठी आहे, आणि मी ते मधे कुणाला न घेता तुम्हाला सरळ विचारते.

दार कुणी फोडलं नव्हतं. त्या संध्याकाळी तुम्ही त्याच दारातून आत आलात, ते शाबूत होतं. मुलगा अर्धमेला नव्हता, शेंगा मागत होता. मी त्याला टाकून गेले नव्हते. जा असं तुमच्या बायकोनं सांगितलं, आणि तुम्ही बाजेवर बसून "हूं" म्हणालात. हे ऐकलेलं आता या जगात तुमच्याशिवाय आणि माझ्याशिवाय कुणी नाही, आणि माझं तो का मानेल?

मला मुलगा परत नको. तो तुमचा झाला, तुमचाच राहू द्या. पण आई आपल्याला टाकून गेली असं मानून तो जगतोय, आणि माझी मुलगी आपण दार उघडलं नाही म्हणून भाऊ गेला असं मानून जगतेय. दोघांनाही खरं सांगू शकेल असा माणूस एकच आहे. तुम्हाला विचारलं म्हणून तुमच्या वडिलांनी मला वाईट ठरवलं, ते माझं मी सोसलं. तुम्ही उत्तर न दिल्याबद्दल तुम्हाला कुणी कधी काही विचारलं का?

मी विचारते. दोघांना समोर बसवा आणि सांगा. तुमचे डोळे मिटायच्या आत सांगा. का गप्प राहिलात, तेही सांगा.